डेहराडूनला गेलेला जावई

वामनराव मास्तर संशयी होते. तसे संशयी लोक आमच्या मलकापुरात कमी नव्हते. कापसाच्या बाजारात भोळ्या माणसाला कोण जगू देतो? पण मास्तरांची तऱ्हाच न्यारी. दूध पातळ आलं तर गवळ्यानं पाणी घातलं, आणि घट्ट आलं तर गवळ्याचं आज आपल्याकडे काहीतरी काम असणार! शाळेत पोराचं गणित चुकलं तर पोरगं आळशी, बरोबर आलं तर शेजारच्याचं पाहिलं. अशा माणसाच्या होणाऱ्या जावयानं डेहराडूनच्या लष्करी शाळेत जावं, म्हणजे आता काय बोलावं?

हा जावई म्हणजे लक्ष्मीकांतराव वकिलांचा अनंत. मास्तरांच्या सुलभाशी त्याचं साक्षगंध झालं होतं. आमच्या वऱ्हाडात साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात, आणि ते झालं की अर्धं लग्न झालंच म्हणून समजतात. मोडलं तर मुलाचं काही जात नाही, मुलीच्या नावाला मात्र डाग लागतो. साक्षगंध झालं तेव्हा अनंत नागपुरास कॉलेजात होता आणि पुढे बापासारखा काळा कोट घालणार होता. पण इंग्रज सरकारनं हिंदी पोरांना लष्कराचे अधिकारी करायची शाळा नुकतीच काढली होती. अनंतनं कोणाला न सांगता परीक्षा दिली, पास झाला आणि गेला.

गाव काय गप्प बसतं? कोणी म्हणे तिथं सगळ्यांना एका ताटात जेवायला बसवतात. कोणी म्हणे पहिल्याच दिवशी जानवं काढून घेतात आणि पावती देतात. मास्तरांना यातलं काहीच पुरेसं वाटत नव्हतं. त्यांचा सवाल वेगळा होता. पलटणीत जाणाऱ्याला सरकार पगार देतं. मग हा वकील पोराची फी काय म्हणून भरतो? शिपाई व्हायला फी भरलेली कधी ऐकली आहे का कोणी?

पहिल्या उन्हाळी सुटीत अनंत आला आणि गंमतच झाली. भर दुपारी तो पॅसेंजरमधून उतरला, टांग्याजवळ उभा राहिला आणि घाम पुसायला त्यानं टोपी काढली. डोक्यावर मशीन फिरवलेली, शेंडी गायब, आणि मिशी सफाचट. स्टेशनावरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ब्राह्मणाचा पोरगा मिशी काढतो तो एकदाच, बाप गेल्यावर.

"अरे बाप्पा! वकीलसाहेब गेले का काय?"

टांगा घरी पोचायच्या आत बातमी शाळेत पोचली. मास्तरांनी वर्ग सोडला, घरी येऊन बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, अंघोळीचं पाणी तापवून ठेवायला सांगितलं, उपरणं घेतलं आणि अनवाणी, त्या रणरणत्या उन्हात, वकिलांच्या दारी गेले. ओसरीवर मान खाली घालून बसले. दुःखाच्या घरी बोलायचं नसतं. अधूनमधून उसासा टाकत होते, आणि मनात हिशोब चालला होता की सुतकामुळं लग्न आता वर्षभर तरी लांबणार.

तेवढ्यात आतून लक्ष्मीकांतराव बाहेर आले. कोपरापर्यंत आंब्याचा रस, आणि चेहऱ्यावर तृप्ती.

"काय हो मास्तर, असे काऊन बसले? या ना, रस झालाय मस्त."

मास्तर जे उठले! त्यांना आनंद व्हायला पाहिजे होता. व्याही जिवंत निघाला, आणखी काय पाहिजे माणसाला? पण मास्तर म्हणजे मास्तर. बाप जिवंत असताना ज्या शाळेत पोराची मिशी काढतात, त्या शाळेत पोराला काय सांगत असतील, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला आणि तिथंच ठाण मांडून बसला. रस न पिताच ते परतले.

त्यानंतर मास्तरांनी वकिलांच्या घराच्या चकरा सुरू केल्या. सकाळी जायचे, संध्याकाळी जायचे, कधी पंचांग बघायचं निमित्त, कधी वर्तमानपत्राचं. अनंत काय खातो, किती खातो, कसा बसतो, सगळं बघायचे. पोरगा पहाटे उठायचा, अंथरुणाची घडी अशी घालायचा की पट्टीनं आखावी, आणि ताटातलं इतक्या भराभर संपवायचा की वाढणारीची धांदल व्हावी. जेलात असंच जेवतात, मास्तरांनी ऐकलं होतं.

आणि एके सकाळी त्यांनी जे पाहिलं त्यानं त्यांची खात्रीच पटली. अनंत ओसरीवर मांडी घालून बसला होता, हातात फडकं, समोर कातडी बूट. बुटावर तो थुंकायचा आणि गोल गोल घासायचा. बूट आरशासारखा चमकत होता तरी घासणं चालूच.

"हे कोणाचे बूट?" मास्तरांनी विचारलं.

"माझेच."

"आणि तू स्वतः घासतोस?"

"तिथं सगळेच घासतात. नाही चमकले तर शिक्षा होते."

मास्तर मनात म्हणाले, आता सापडलास. साहेब होणारा माणूस कधी बूट घासतो का? बूट घासायची सवय कोणाला असते? साहेबाच्या नोकराला! पोराला तिथं साहेबांचे बूट पुसायला ठेवलंय, आणि वकील इकडे छाती काढून सांगतोय की माझा अनंत कप्तान होणार.

तरीही त्यांनी शहाण्या माणसासारखं सरळ विचारलं. "अनंता, मुहूर्त चांगले आहेत. ह्याच सुटीत बार उडवून टाकू."

अनंतनं फडकं खाली ठेवलं. "मास्तर, लग्न झालेला पोरगा तिथं ठेवत नाहीत. शिक्षण संपेपर्यंत थांबावं लागेल. संपलं की मी स्वतः येतो मुहूर्त काढायला."

"काऊन ठेवत नाहीत?"

"तसा नेम आहे."

"नेमाला काही कारण असते."

"असेल. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही."

आता हे उत्तर अगदी खरं होतं, म्हणूनच घात झाला. खोटं बोलणारा माणूस कारण आधी तयार ठेवतो. खरं बोलणाऱ्याला ते सुचतसुद्धा नाही. मास्तरांनी मात्र उलटं धरलं. कारण सांगत नाही, म्हणजे कारण सांगण्यासारखं नाही. गावात विचारलं तर लोकांनी दहा कारणं दिली. एक जण म्हणाला, तिथला डाक्तर पोरांना अशी सुई टोचतो की संसाराची वासनाच राहत नाही. दुसरा म्हणाला, छे, कर्नल लोकांच्या पोरी असतात ना उजवायच्या, त्यांच्यासाठी राखून ठेवतात. मास्तरांना दुसरं जास्त पटलं. बूट पुसणाऱ्याला कर्नलाची पोरगी कशी मिळेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. संशयाला एवढा हिशोब लागत नाही.

तरी जाणत्याला विचारावं म्हणून ते रहेमतुल्लाच्या दुकानात गेले. रहेमतुल्लाचं गाद्या भरायचं दुकान होतं, पण तरुणपणी तो पलटणीत होता, पहिल्या महायुद्धात बसऱ्याची लढाई पाहून आला होता. लष्कराबद्दल मलकापुरात त्याचा शब्द शेवटचा. सुलभाच्या रुखवताच्या गाद्या त्याच्याकडेच टाकल्या होत्या. दुकानात कापूस असा उडत होता की समोरचा माणूस धड दिसू नये. त्याचा मुलगा वहाब पिंजत होता आणि रहेमतुल्ला मेंदी लावलेली दाढी कुरवाळत बसला होता.

मास्तरांनी सगळं सांगितलं. रहेमतुल्ला हसला.

"मास्तर, माही अर्धी उमर पलटणीत गेली. साहेब म्हंजे गोरा. जहाजातून उतरते अन् साहेबच असते. आपला माणूस लय झालं तर सुभेदार. हे अनंत साहेब होते म्हंते, ते कोनं पाह्यलं?"

"आणि बुटाचं?"

"साहेब कधी बूट घासत नसते. मीनं घासले ना साहेबाचे! मले नाही माहीत?"

"आणि लग्नाचा नेम?"

"तौबा तौबा! मी भर्ती झालो तवा हा वहाब पाळण्यात होता. अर्ध्या पलटणीची लग्नं झालेली. असा नेम कुठीच नाही. पोट्टं थापा मारून राह्यलं, मास्तर."

पिंजण थांबली. कापसातून वहाबचा आवाज आला. "अब्बा, तुम्ही शिपाई होते. हे साहेब लोकाइची शाळा हाय. तिथचा नेम अलग असन ना."

"तू चूप बे! बसऱ्याले तू गेलता का मी?"

वहाब पुन्हा पिंजायला लागला. त्या दुकानात शहाणपणाचं एकच वाक्य बोललं गेलं आणि ते कापसाबरोबर उडून गेलं. मास्तर ताठ मानेनं बाहेर पडले ते थेट वकिलांकडे.

"लक्ष्मीकांतराव, लग्न ह्याच महिन्यात. नाहीतर साक्षगंध मोडलं समजा. साखरखेर्ड्याचं स्थळ आलं आहे सुलभासाठी. दुजवर आहे, चाळिशी उलटली आहे, दोन लेकरं आहेत, पण माणूस डोळ्यासमोर आहे."

वकिलांचा चेहरा उतरला. "मास्तर, पोराचं आयुष्य आहे हो. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे."

"माझ्याही पोरीचं आयुष्यच आहे."

दारात अनंत उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणंही मास्तरांनी त्याच्याच खात्यावर मांडलं.

घरी सुलभानं बापाला अडवलं. एरवी मान वर न करणारी पोरगी, पण त्या दिवशी चुलीपुढून उठून आली.

"बाबा, मी थांबते ना. मले कोठं घाई आहे?"

"अन् दोन वर्षांनी तो मडमेचा हात धरून उतरला म्हणजे?"

"तर माझं नशीब. पण त्यांचं तिथलं सारं जाईल, बाबा. त्यांनी सांगितलं तुम्हाले."

"हे पहा, नेम खोटा असन तर त्याचं काहीच जात नाही. मंग भ्यायचं काऊन?"

"अन् खरा असन तर?"

मास्तर हसले. "खरा असता तर रहेमतुल्लाले माहीत नसता का?"

अन्नपूर्णाबाई आतून म्हणाल्या, "अहो, पोरीचं ऐका थोडं. गाद्या भरणाऱ्याच्या सल्ल्यानं काय लग्नं करता?" पण त्यांचं त्या घरात कोण ऐकतं? भाजीत मीठ किती घालायचं एवढंच त्यांच्या हाती होतं.

दुसऱ्या दिवशी अनंत आला तो मागच्या दारानं, विहिरीपाशी. सुलभा पाणी शेंदत होती. त्या काळी साक्षगंध झालेल्यांनी असं बोलणं म्हणजे गावाला महिनाभराचा फराळ, पण दोघांनाही त्याची पर्वा उरली नव्हती. मास्तर खिडकीआड. ते कसले सोडतात?

"तुम्ही नाही म्हणा," सुलभा म्हणत होती. "माझं काय व्हायचं ते होऊ द्या."

"आणि तू साखरखेर्ड्याला जाशील?"

तिनं दोर तसाच धरून ठेवला. रहाट थांबला होता.

"मग लग्नच करू," अनंत म्हणाला. "शाळा एक गेली तर दुसरं काही करता येईल."

सुलभा रडायला लागली. खिडकीआड मास्तरांना वाटलं, म्हणजे नाही म्हणायचा बेत होता तर! बरं झालं वेळेवर फास आवळला.

लग्न झालं. वैशाखाच्या उन्हात, मांडव घालून, दोन पंगतींत. अक्षता पडल्या तेव्हा अनंत बोहल्यावर असा ताठ उभा होता की पाहणाऱ्यालाच भीती वाटावी. बायका म्हणाल्या, नवरा मुलगा हसत कसा नाही? मास्तर मात्र खुशीत होते. पाहुण्यांना आग्रह करकरून जिलबी वाढत होते आणि रहेमतुल्लाला मुद्दाम मांडवाच्या पुढं खुर्ची दिली होती.

सुटी संपली, अनंत परत गेला. सुलभा वकिलांच्या घरी राहिली. आठवडा गेला, आणखी एक गेला. मास्तर रोज बाजारात उभे राहून सांगायचे, "गेला ना? ठेवला ना त्यांनी? कुठं गेला तो नेम? अहो, मला शिकवतात! माणूस ओळखायला अक्कल लागते." लोक माना हलवायचे. मास्तरांची अक्कल त्या दिवसांत भलतीच तेजीत होती.

मलकापुरात संध्याकाळी करमणूक एकच, स्टेशनावर जाऊन गाडी बघणं. मास्तरही जायचे. त्या दिवशी भुसावळकडची पॅसेंजर आली आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून एक काळी ट्रंक खाली आली. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत नाव होतं. मागून अनंत उतरला.

"अरे! सुटी?"

"नाही, मास्तर. संपलं. काढून टाकलं मला."

मास्तरांच्या तोंडातून निघायचं तेच निघालं. "काय केलंस?"

"लग्न."

गाडीनं शिटी दिली. मग मास्तरांचे डोळे बारीक झाले. "त्यांना कळवलं कोणी? कोणीतरी चुगली केली. गावातलाच असणार. मी सांगतो तुला कोण ते—"

"मी सांगितलं."

"तू? तुला विचारलं होतं का त्यांनी?"

"नाही. सुटीहून आल्यावर असं कोणी विचारत नाही. मीच आमच्या तुकडीच्या, म्हणजे कंपनीच्या, साहेबांकडे गेलो आणि सांगितलं. ते म्हणाले, नीट आठव, तुमच्यात ते अगोदर ठरवाठरवीचं काही असतं ना, तेच असेल. दोनदा म्हणाले. चांगला माणूस आहे, मला वाचवायला बघत होता. पण लग्न झालं होतं, मास्तर. त्यात आठवायचं काय?"

"अरे, गप राह्यचं ना! साहेब स्वतः पळवाट देऊन राह्यला होता, अन् तू—"

"तिथं खोटं बोलून राहता येत नाही," अनंत म्हणाला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली आणि तो चालू लागला.

मास्तर त्याच्या मागे. ज्या पोराला थापाड्या म्हणून आपण बांधला, तो एक थाप मारता आली नाही म्हणून घरी आला होता. नेम खरा होता. बूट त्याचेच होते. तो साहेबच होणार होता. रहेमतुल्लावर चिडावं म्हटलं, तर त्यानं आपलं पाहिलेलं सांगितलं होतं. विचारायला गेलं होतं कोण? मास्तरांना रडू येत होतं, आणि भर रस्त्यात रडायची त्यांना सवय नव्हती.

वकिलांच्या ओसरीवर ट्रंक खाली आली. लक्ष्मीकांतरावांनी मुलाकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, चष्मा काढला आणि भिंतीला टेकून बसले. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"वकीलसाहेब," मास्तर हात जोडून म्हणाले, "मी निस्तरतो. उद्याच्या गाडीनं मी डेहराडूनला जातो. साहेबाच्या पायावर डोकं ठेवतो. सांगतो, पोराला ऊन लागलं होतं, भ्रमात बोलला. भटजीला नेतो साक्षीला, त्याला मी बरोबर पढवतो. शपथ घेतो, गंगाजळ उचलतो! म्हणतो, साहेब, नुसतं साक्षगंध आहे हो, लग्न झालंच नाही. ही पोरगी अजून माझ्याच घरी आहे."

"बाबा."

सुलभा आतल्या दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. नव्या मंगळसूत्राचे मणी अजून चमकत होते. तिनं सगळं ऐकलं होतं.

"लग्न झालंच नाही?" ती म्हणाली. "मग मी ह्या घरात कोण म्हणून उभी आहे?"

मास्तरांनी जोडलेले हात खाली घेतले.

"त्यांनी तिथं जाऊन सांगितलं, ही माझी बायको आहे," सुलभा म्हणाली. "सारं गेलं तरी सांगितलं. अन् तुम्ही माझे बाप असून गंगाजळ उचलून सांगणार, नाही म्हणून."

तिनं तांब्या अनंतच्या हातात दिला आणि ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी कडी धरायला मास्तर घाईघाईनं वाकले.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत घरी जा. आई वाट पाहत असेल."